भिंत नेमकी कोणाच्या जागेवर? ऑक्सफर्ड शहर, वर्ण आणि वर्ग

ऑक्सफर्डच्या उत्तरेला, बॅनबरी रोडपासून जवळच, वेंटवर्थ रोड नावाचा वस्तीतला साधा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना घरं, पुढे छोट्या बागा, उभ्या केलेल्या गाड्या. सरळ चालत राहिलं की मध्येच पाटी बदलते आणि त्याच रस्त्याचं नाव होतं ऑल्ड्रिच रोड. शेजारच्या रस्त्याचंही तसंच: इकडून कार्लटन रोड, तिकडून वोल्सी रोड. ना चौक, ना वळण, मग नाव का बदलतं? कारण जिथे पाटी बदलते तिथे एके काळी भिंत होती.

१९३४ साली एका खासगी बिल्डर कंपनीने कटस्लो भागातल्या या दोन्ही रस्त्यांवर आडव्या भिंती घातल्या. माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी उंची आणि वर लोखंडी अणकुचीदार टोकं. पलीकडे सिटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, भाड्याने दिलेली घरं होती. काही कुटुंबं शहरातल्या जुन्या पाडलेल्या वस्त्यांमधून तिथे आणली होती. ‘असले’ शेजारी दिसले तर आपली घरं विकली जाणार नाहीत, हा बिल्डरचा हिशेब. त्यामुळे कौन्सिलच्या घरांत राहणाऱ्यांना समोर दिसणाऱ्या बॅनबरी रोडवर जायला, बससाठी किंवा दुकानासाठी, बराच लांबचा वळसा पडायला लागला.

भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं गोरीच होती. म्हणूनच ऑक्सफर्डमध्ये ‘वर्ग’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला ही भिंत बरी. पैसा हा त्याचा एक भाग झाला. त्याशिवाय घर कोणाचं, बाप काय काम करायचा, शाळा कुठली आणि तोंड उघडल्यावर उच्चार कसे, हे सगळं त्यात येतं. गावातल्या एका प्रसिद्ध कॉलेजचं नाव लिहितात ‘मॅग्डालेन’ आणि म्हणतात ‘मॉडलिन’. हे ज्याला माहीत नाही तो बाहेरचा, असं कोणी मोठ्याने म्हणत नाही. पण चुकीचा उच्चार केला की समोरच्याच्या भुवया किंचित हलतात, आणि तेवढं पुरतं.

इंग्लंडमधल्या विद्यापीठाच्या शहरांत गेली काही वर्षं वर्णद्वेष आणि वर्ग यांवर ‘समाजसंवाद’ नावाचा प्रकार बराच चालतो. एखाद्या सभागृहात खुर्च्या गोल मांडायच्या, चहाबिस्किटं ठेवायची आणि शहरातल्या वेगवेगळ्या लोकांनी एकमेकांशी बोलायचं. हे संवाद नेमके कशाबद्दल असतात आणि इतके वेळा अडकतात का, हे समजायला ऑक्सफर्डइतकं सोयीचं शहर नाही.

आधी जुना राग. तिकडे त्याला ‘टाउन आणि गाउन’ म्हणतात: टाउन म्हणजे गावकरी, गाउन म्हणजे झगेवाले विद्यापीठकर. १० फेब्रुवारी १३५५ रोजी कारफॅक्स चौकातल्या एका खानावळीत वाईन वाईट दिली म्हणून विद्यार्थ्यांनी मालकाशी भांडण काढलं. त्याची दंगल झाली आणि साठेक विद्यार्थी व तीसेक गावकरी मारले गेले. राजाने बाजू घेतली विद्यापीठाची. मग दरवर्षी महापौर आणि नागरिकांनी चर्चमध्ये जाऊन मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पेनी, म्हणजे ६३ पेन्स, भरायचे, अशी शिक्षा झाली. ती १८२५ पर्यंत चालली, आणि थांबली तीही एका महापौराने जायलाच नकार दिला म्हणून. अधिकृत दिलजमाई झाली १९५५ साली.

ही गोष्ट तिथले वाटाडे पर्यटकांना हसतखेळत सांगतात. मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या दोन रुक्ष तारखा. ऑक्सफर्ड विद्यापीठाला ब्रिटिश संसदेत स्वतःचे वेगळे खासदार होते, ते १९५० पर्यंत. शिवाय सिटी कौन्सिलमध्ये विद्यापीठाने नेमलेले नगरसेवक १९७४ पर्यंत बसत. थोडक्यात, आज सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या ऑक्सफर्डकराच्या तरुणपणापर्यंत विद्यापीठ त्याच्या गावच्या कारभारात न निवडून येता बसलेलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात विद्यापीठाबद्दल जो कडवटपणा येतो, तो चौदाव्या शतकातला नव्हे.

आता मॉडलिन पूल ओलांडून पूर्वेला येऊ. पुलाच्या टोकाला द प्लेन नावाचं गोल वळण आहे आणि तिथून तीन रस्ते फुटतात. मधला काउली रोड. तो धरून गेलं की पुढे काउली, आणि काउली म्हणजे मोटारींचा कारखाना. सायकलदुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या विल्यम मॉरिसने १९१३ साली इथून पहिली गाडी बाहेर काढली. ऐन भरात काउलीच्या कारखान्यांत वीस हजारांहून जास्त माणसं कामाला होती. आज तिथे ‘मिनी’ या नावाच्या गाड्या बनतात आणि हात बरेच कमी लागतात. पर्यटकाच्या ऑक्सफर्डमध्ये हा कारखाना नसतोच. पण तीसच्या दशकात वेल्समधल्या खाणी बंद पडल्यावर माणसं इथे आली ती त्याच्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आणि भारतीय उपखंडातून आलेल्यांनीही कारखाने, बस आणि इस्पितळं यांत काम धरलं. २०२१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे १,६२,००० भरली आणि त्यातला साधारण तीनातला एक जण परदेशात जन्मलेला निघाला. पूर्व तिमोरहून पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्यांचीही इथे चांगली वस्ती आहे. ‘गोरे आणि काळे’ एवढ्या दोन रकान्यांत हे शहर मावत नाही.

वर्णद्वेषाचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवी देणारा माणूस येतो. तो असतोच, पण तो सगळ्यात सोपा भाग. १९६८ पर्यंत ब्रिटनमध्ये भाड्याच्या खोलीच्या जाहिरातीत ‘काळ्यांना नाही’ असं लिहिणं बेकायदा नव्हतं. १९६५ साली वंशभेदविरोधी पहिला कायदा आला, तो हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा अशा थोड्या ठिकाणांपुरता. घर, नोकरी आणि बहुतेक दुकानं त्यात नव्हती. १९६८ मध्ये काउली रोडवरच्या एका केशकर्तनालयाने काळ्या बायकांचे केस करायला नकार दिला, तेव्हा विद्यार्थी आणि स्थानिक लोक मिळून त्याच्या दारात निदर्शनं करायला उभे राहिले, त्याला ही पार्श्वभूमी होती. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या कायद्याने घर, नोकरी आणि सेवा त्याच्या कक्षेत आणल्या. पुलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकाच फुटपाथवर उभे राहिल्याची उदाहरणं फार नाहीत. त्यातलं हे एक.

दुसरा भाग नियमांत लपलेला असतो. नियम सगळ्यांना सारखाच, पण त्याचा फटका काहींनाच बसतो. तिसरा संस्थेचा. स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाचा १९९३ मध्ये लंडनमध्ये खून झाला. त्या तपासाच्या चौकशीचा मॅकफर्सन अहवाल १९९९ मध्ये आला आणि ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ हा शब्द घरोघरी पोचला. त्याचा अर्थ साधारण असा: संस्थेत एकही माणूस मुद्दाम वाईट वागत नसेल, तरी तिच्या सवयी, गृहीतकं आणि निष्काळजीपणा मिळून विशिष्ट रंगाच्या किंवा वंशाच्या लोकांना सतत कमी दर्जाची वागणूक मिळू शकते. संवादाच्या सभांमध्ये निम्मं भांडण इथे होतं. एक जण म्हणतो, ‘ही संस्था वर्णद्वेषी आहे.’ तिथे तीस वर्षं नोकरी केलेल्याला ऐकू येतं, ‘तू वर्णद्वेषी आहेस.’ शब्द तेच, पण दोघांची भाषा वेगळी.

विद्यापीठाच्या इतिहासात पहिलेपणाचे मान बरेच सापडतात. सिएरा लिओनचा ख्रिश्चन कोल १८७३ मध्ये इथे आला, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला पहिला काळा आफ्रिकी. शहरात त्याची टवाळी करणारी व्यंगचित्रं विकली जात. नाशिकात जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये समरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. ही चरित्रं खरी आहेत, मोठी आहेत. पण पहिला आलेला माणूस दाखवून दुसरा यायला इतका वेळ का लागला हे झाकता येतं, आणि तसं होतंही. २०१५ साली ऑक्सफर्डच्या ३२ पैकी १० कॉलेजांनी ए-लेव्हल (तिकडची बारावीसारखी परीक्षा) केलेल्या एकाही काळ्या ब्रिटिश विद्यार्थ्याला जागा दिली नव्हती. खासदार डेव्हिड लॅमी यांनी माहितीच्या अधिकारात ही आकडेवारी मिळवली.

याला उत्तर म्हणून ‘हा रंगाचा नाही, वर्गाचा प्रश्न आहे’ असं कोणी तरी हमखास म्हणतो. त्यात तथ्य आहे: इंग्लंडमधली जेमतेम ७ टक्के मुलं खासगी शाळांत जातात आणि ऑक्सफर्डच्या ब्रिटिश विद्यार्थ्यांत त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. पण ‘रंगाचा नाही’ हे कुठून आलं? जमैकाहून १९५१ मध्ये मर्टन कॉलेजात आलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनी याच गुंत्यावर आयुष्यभर लिहिलं. त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं तर असं: काळ्या कामगाराच्या अनुभवाला आपला वर्ग येतो तो वर्णाच्याच वाटेने. पगार कमी, काम रात्रीचं, खोली ओलीची, हे तो ‘कामगार म्हणून’ वेगळं आणि ‘काळा म्हणून’ वेगळं भोगत नाही. (हॉल इथे आले तेही ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर, म्हणजे ज्या माणसाच्या पुतळ्यावरून पुढे शहर पेटलं त्याच्याच पैशावर.)

हा गुंता जवळून पाहायचा तर कॉलेजचं फाटक बघा. समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. आतल्या चौकीत पोर्टर, म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, बसलाय: वय पन्नास, ब्लॅकबर्ड लीझ या शहराच्या टोकाच्या कौन्सिल वसाहतीत वाढलेला, बाप मोटारीच्या कारखान्यात होता. बाहेरून चार विद्यार्थी येतात. तिघे गोरे, ते हात हलवून आत जातात. चौथा काळा आहे. पोर्टर त्याला विचारतो, ‘कार्ड दाखवता का?’ कार्ड निघतं आणि दार उघडतं. तीस सेकंदांचा मामला. विद्यार्थ्याला त्या रात्री झोप लागत नाही, कारण असं या आठवड्यात तिसऱ्यांदा झालंय. दुसऱ्या दिवशी तो तक्रार करतो. त्याला तक्रारीची भाषा येते, मेल कोणाला करायचा हे कळतं. पोर्टरला बोलावणं येतं आणि ज्या कागदावर सही करायची त्यातले निम्मे शब्द त्याला परके वाटतात. घरी गेल्यावर तो बायकोला म्हणतो, ‘ही पोरं उद्या मंत्री होणार, आणि यांना म्हणे माझा जाच.’

दोघांचंही खरं आहे. पोर्टरने जे केलं तो वर्णद्वेषच होता, तिघांना सोडून चौथ्याला अडवण्याला दुसरं नाव नाही. आणि तक्रारीच्या खोलीत पोर्टरच खालचा होता, हेही तितकंच खरं. आता या दोघांना एका गोलात बसवायचं आहे. तिसरी कोणी तरी अजून आलेलीच नाही: पहाटे जिन्यांवरून व्हॅक्यूम क्लीनर चढवणारी ‘स्काउट’. ऑक्सफर्डच्या कॉलेजांत खोल्या साफ करणाऱ्यांना हेच नाव आहे. सभा संध्याकाळी साडेसहाला, आणि तिची दुसरी पाळी सहाला सुरू होते.

कायद्यानेही ही फाळणी पक्की केली आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात संरक्षण मिळालेली नऊ वैशिष्ट्यं आहेत: वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग वगैरे. वर्ग त्यात नाही. कायद्याच्या पहिल्याच कलमात सरकारी संस्थांनी गरीब-श्रीमंत दरीचा विचार करावा असं लिहिलंय. ते कलम स्कॉटलंडने २०१८ मध्ये आणि वेल्सने २०२१ मध्ये अमलात आणलं. इंग्लंडमध्ये ते पुस्तकात राहिलं. जातीचंही असंच झालं. ‘वंश’ या शब्दात जात स्पष्टपणे घालण्याची तरतूद कायद्यात होती आणि २०१८ मध्ये सरकारने तो विचार सोडून दिला. परिणाम असा की संस्थेत वर्णाविषयी बोलायला अधिकारी, धोरण, अर्ज आणि आकडे असतात. वर्गाविषयी बोलायला बहुतेक ठिकाणी फक्त कुरबुर असते. मग कौन्सिल वसाहतीतल्या गोऱ्या माणसाला वाटतं, ‘त्यांच्यासाठी सगळं आहे, आमच्यासाठी काही नाही.’ आणि त्याच वसाहतीत राहणाऱ्या काळ्या कुटुंबाला दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं, पुरेसं कुठलंच नाही.

पुतळ्याचं प्रकरण याच नजरेने बघण्यासारखं आहे. सेसिल ऱ्होड्स हा दक्षिण आफ्रिकेतला हिऱ्यांचा व्यापारी आणि साम्राज्यवादी राजकारणी. १९०२ मध्ये मेला आणि ओरिएल कॉलेजला एक लाख पौंड ठेवून गेला. त्यातून हाय स्ट्रीटवर इमारत झाली आणि तिच्या माथ्यावर त्याचा पुतळा. मार्च २०१५ मध्ये केप टाउन विद्यापीठातल्या ऱ्होड्सच्या पुतळ्याविरुद्ध आंदोलन पेटलं. तो पुतळा महिन्याभरात हलला आणि मागणी ऑक्सफर्डला पोचली. जून २०२० मध्ये, अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या खुनानंतर, हाय स्ट्रीट माणसांनी भरून गेला. १७ जूनला कॉलेजच्या नियामक मंडळाने पुतळा हटवण्याची इच्छा ठरावाने व्यक्त केली आणि चौकशी आयोग नेमला. आयोगातल्या बहुसंख्यांनीही त्याला पाठिंबा दिला. तरी मे २०२१ मध्ये कॉलेजने जाहीर केलं की हटवण्याची कायदेशीर प्रक्रिया सुरू करणार नाही, ती लांबलचक आणि खर्चिक आहे. पुढे माहितीची पाटी लागली. पुतळा अजून वरच आहे.

हा ‘इच्छा आहे, पण’ प्रकार नीट समजून घ्या. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ओरिएल कॉलेज या वेगळ्या संस्था आहेत. अशी तीसहून जास्त कॉलेजं आहेत आणि प्रत्येकाची तिजोरी, जमीन, नियामक मंडळ स्वतंत्र. म्हणून कुलगुरूंना निवेदन देऊन पुतळा हलत नाही. कॉलेजने ठरवलं तरी इमारत संरक्षित वारसा यादीत असल्याने सिटी कौन्सिलची परवानगी लागते, आणि त्याच्याही वर राष्ट्रीय सरकार हात घालू शकतं. निदर्शनाला आलेल्या हजारोंपैकी किती जणांना हा जिना माहीत असेल? जिथे निर्णय पूर्ण कॉलेजच्या हातात होता तिथे गोष्ट लवकर हलली. ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयाला गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झालेल्या कॉड्रिंग्टनचं नाव होतं. २०२० मध्ये कॉलेजने ते वापरणं बंद केलं. आतला त्याचा पुतळा मात्र राहिला.

पगाराचंही तसंच आहे. सिटी कौन्सिलने ‘ऑक्सफर्ड लिव्हिंग वेज’ ठरवलाय, लंडनच्या जगण्यापुरत्या वेतनाच्या ९५ टक्के, कारण हे देशातल्या सर्वात महागड्या घरांच्या शहरांपैकी एक आहे. कौन्सिल तो आपल्या लोकांना देऊ शकते, इतरांना फक्त आग्रह करू शकते. स्काउटचा पगार तिच्या कॉलेजात ठरतो. मग ज्या सभेला कौन्सिलचे अधिकारी आहेत, विद्यापीठाचे समता-विभागवाले आहेत, पण एकाही कॉलेजचा खजिनदार नाही, तिथे पगारावर दोन तास बोलून काय होणार? लोक मन मोकळं करतात. कोणी तरी भिंतीवर रंगीत चिकटचिठ्ठ्या लावतं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न, नवे पाहुणे. तिसऱ्या वर्षी पूर्वेकडची माणसं येईनाशी होतात आणि अहवालात लिहिलं जातं की ‘या समाजगटापर्यंत पोचणं अवघड आहे’. हे वाक्य वाचलं की मला राग येतो. बसचा नंबर आहे, पाच. काउली रोडवरूनच जाते.

२०२१-२२ मध्ये काउली आणि पूर्व ऑक्सफर्डच्या गल्ल्यांत गाड्या आरपार जाऊ नयेत म्हणून खांब आणि कुंड्या बसवल्या, तेव्हा हाच वाद नव्या कपड्यांत परत आला. गल्लीत राहणाऱ्यांना शांतता मिळाली, मुलं सायकली चालवू लागली. काउली रोडवरचे दुकानदार, त्यातले बरेच आशियाई, म्हणाले की गिऱ्हाईक तुटलं. टॅक्सीवाल्यांना लांबचा फेरा पडला. काही खांब रात्रीतून उपटले गेले, काही जाळलेही. सभांमधून राग निघाला तो सिटी कौन्सिलवर, पण रस्ते येतात काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे. ती वेगळी संस्था, वेगळी निवडणूक. पुन्हा तेच: बोलणारे एका खोलीत आणि किल्ली दुसऱ्या.

म्हणून अशा सभेचं आमंत्रण आलं तर मी विषयाच्या आधी यादी बघतो. कोण बोलणार यापेक्षा कोण ऐकणार, आणि ऐकून कशावर सही करू शकणार. पाळणाघराची सोय आहे का, दुभाषा आहे का, पाळी बुडवून येणाऱ्याला त्या तासांचे पैसे मिळणार का, हेही. प्राध्यापकाला त्या संध्याकाळी बोलण्याचा पगार असतोच, स्काउटला नसतो.

कटस्लोच्या भिंतीवरही खूप बोलणं झालं होतं. १९३५ मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्ते एब लाझारस यांच्या पुढाकाराने लोक कुदळी घेऊन आले आणि पोलिसांनी अडवले. १९३८ मध्ये कौन्सिलनेच रोडरोलर लावून भिंती पाडल्या. कंपनी न्यायालयात गेली, जिंकली, भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. युद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, सरावाला निघालेला एक रणगाडा चुकून एका भिंतीतून आरपार गेला. लष्कराने दुरुस्तीचे पैसे भरले आणि भिंत परत बांधली गेली. शेवटी कौन्सिलने त्या भिंती उभ्या होत्या तेवढ्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या १००० पौंडांना विकत घेतल्या. ९ मार्च १९५९ रोजी पाडकाम झालं. २००६ मध्ये तिथे निळी स्मृतिपाटी लागली. रस्त्यांची नावं मात्र कोणी एक केली नाहीत. घराचा पत्ता सांगताना आजही कळतं, माणूस भिंतीच्या कुठल्या बाजूचा.